पोहरादेवीचा रस्ता

धनजच्या फाट्यावर रंगूबाई वाशीमच्या एस.टी.ची वाट पाहत लिंबाखाली बसली होती. सामान लादलेल्या दोन सायकली खोडाला टेकवून एक नवरा-बायको शेजारीच बसले. तुरीवरून गार वारा येत होता. रंगूबाईचे डोळे मिटले होते, कान तेवढे जागे होते.

“पुरीहून निघून किती दिवस झाले, विनोद?”

“एकोणीस.”

“मले तं वाटते, आपण कुठीच जाऊन नाही राह्यलो. रस्ताच आपल्या खालून सरकून राह्यला.”

“झोप येऊन राह्यली तुले, दीपा.”

“नाही. बरं वाटून राह्यलं.”

“उद्या वाशीम.”

“अन् परवा कोर्ट.”

“सह्या केल्या का झालं. दहा मिन्टाचं काम हाय म्हणे वकील.”

“अकरा वर्षाचा संसार, दहा मिन्टात?”

“फारकत तूच मांगतली ना?”

“मांगतली. तू तरी कुठी नाही म्हणाला?”

“तू इचारलंच नाही.”

“आता इचारलं तं?”

सायकलचं पायडल कोणीतरी उगाच फिरवल्याचा आवाज आला.

“पोहरादेवीवरून गेलो, तिथं दोन मुक्काम केले, तं परवा वाशीमले पोचणं होत नाही.”

“तारीख हुकन.”

“हुकू दे.”

सायकलींचे स्टँड खटकन निघाले.

“मावशी, पोहरादेवीले कुकून जा लागते?”

रंगूबाईनं डोळे उघडले. कारंज्यावरून जाणारा जवळचा रस्ता तिच्या पायाखालचा होता. तिनं हात दुसऱ्याच बाजूला केला.

“इकून जा, बाई. लांब पडते थोडं, पण सावली हाय.”