लाल गाडीचा क्लच

हॅलो? … हां सिद्धी, बोल… हो, आत्ताच घरी पोचलो. व्हाइटफील्डचं ट्रॅफिक, दुसरं काय… नाही, तुझी निधीताई अंघोळीला गेलीय. घामाने चिंब झाली होती… अगं सांगतो ना, आधी ऐक तर!

हो, हो… दोन्ही गाड्या पाहिल्या. तू शोधलेली लालही आणि ती करडीही… कळलं गं, लाल देखणीच आहे. छत उघडतं, आत बसलं की रस्त्यावरच बसल्यासारखं वाटतं… आणि करडीपेक्षा बरीच स्वस्त, मान्य. एवढ्या पैशांत अशी स्पोर्ट्स कार पुन्हा मिळायची नाही, हे तू पंधरा दिवस ऐकवतेयस मला.

करडी आधी पाहिली. ती मी चालवली, निधी शेजारी. ऑटोमॅटिक आहे. क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला काही काम नाही… हो, त्या अपघातामुळेच. घोट्यात अजून स्क्रू आहेत तिच्या. जिना उतरताना कठडा धरते… तुला बोलली नाही? मग मीही बोललो नाही असं समज.

मग लाल. मालक नागराज म्हणून, अगदी शांत गृहस्थ. निधी म्हणाली, "ही मी चालवते."… हो ना! अपघातानंतर पहिल्यांदाच… मी? मी कुठे बसणार? दोनच सीटा! शेजारी नागराज, आणि मी आपल्या जुन्या गाडीतून मागे मागे.

सपाट रस्त्यावर छान चालली. मग फ्लायओव्हरचा चढ आला आणि पुढचं सगळं ठप्प. सुटलं, तर हिची गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. आणि लागली की मागे घसरायला… कोणाच्या अंगावर म्हणजे? माझ्याच! मागे मीच होतो ना!… हसतेस काय? अशी हातभर अंतरावर थांबली. माझ्यामागे सगळे हॉर्न बडवतायत, एक रिक्षावाला कन्नडमध्ये काय काय म्हणाला, बरं झालं समजलं नाही…

मग काय, उतरलो, तिच्या खिडकीशी गेलो… नाही, रडत नव्हती. पण डावा घोटा चोळत होती. नागराज आपले "स्वल्प निधान मॅडम, जरा हळू" एवढंच. मी म्हटलं, "उतर, मी घेतो." तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवधूत, मागे जा आणि गाडीत बस."… हो, त्याच आवाजात.

गेलो. बसलो… मग तिने हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडत हँडब्रेक काढला… आणि निघाली गं! वीतभरही मागे न येता. सरळ चढ चढून पलीकडे. आणि माझी गाडी पडली बंद!… हस, हस.

अगं ऐक… सिद्धी, ऐक ना. लाल घेत नाहीये ती… ओरडू नकोस. करडीच ठरली… हो, महाग आहे. मीही तेच म्हटलं, एवढी चालवून दाखवलीस, स्वस्तही पडतेय, घे की. तर म्हणाली, "मला चालवता येते का, तेवढं बघायचं होतं. आली. आता पैसे वाचवायचे आणि रोज घोटा दुखवून घ्यायचा, याला स्वस्त म्हणायचं?"

… नाही गं, हिरमुसली वगैरे अजिबात नाही. वाटेत दोन डोसे खाल्ले… हो, मजा लालमध्येच होती, तीच म्हणाली तसं. नागराजना स्वतः सांगितलं तिने. ते म्हणाले, "सरी मॅडम, ठीक आहे."

थांब, आलीच बाहेर… निधी, सिद्धीचा फोन आहे… काय? चावी? आत्ता? कशाला?… दही? अगं, दही खालच्या दुकानात मिळतं… बरं. बरं. टीव्हीपाशी आहे बघ.

हॅलो… गेली गं ती… नाही, चालत नाही. आपली जुनी गाडी घेऊन… हो, क्लचवालीच… अगं, मला काय विचारतेस, दही आणायला म्हणे! थांब, बाल्कनीत येतो… हो, काढली बाहेर… गेटपाशी आहे… करेल ती तुला नंतर फोन. आता ठेव… ठेव गं, मला बघू दे.