अर्धे धागे वितळतात

(कारखान्याची मागची खोली, दुपार. बाकावर पिशवीत बंद केलेला, आत्याच्या पायाच्या मापाचा प्लॅस्टरचा साचा. पिशवीतली हवा ओढणारा पंप घुमतो आहे.)

भाची : ‘हात आवर! गार झाल्याशिवाय पिशवी उघडायची नाही!’ काम शिकताना मिस्त्री मागं उभे राहून असे ओरडायचे ना, आत्या, अजून दचकायला होतं.

आत्या : मग परवा कुठं गेले होते तुझे मिस्त्री?

भाची : परवा घाई झाली. वरून टणक लागलं, वाटलं झालं. केला पंप बंद.

आत्या : आणि मी तू केलेलं ते स्प्लिंट पायाला आधार म्हणून घालून पायरी उतरायला गेले, तर त्याची टाच अशी दबली की मी थेट कुंडीत! शेजारीण म्हणाली, नवीन रोप लावलंत का?

भाची : हसू नकोस ग. आतून ऊनच होतं ते. अशात दाब सुटला की काचेचे धागे अंग सैल करतात, थरांमध्ये हवा शिरते. टाच स्पंजासारखी झाली होती.

आत्या : मी मागावर विणलेल्या कापडाचा शेवटचा तुकडा होता त्यात. आता ही बोटं तुटलेला धागासुद्धा सांधत नाहीत. वाटलं, गेला वाया.

भाची : नाही गेला. दुसरा माल एकदा कडक झाला की संपला. हा तापवला की पुन्हा मऊ होतो. तेच स्प्लिंट त्याच प्लॅस्टरच्या पायावर चढवलं, पिशवीत घातलं, भट्टीत तापवलं. आता पंप हवा ओढतोय, दाबून धरतोय. काचेचे धागे तू विणलेस तसेच आहेत. प्लॅस्टिकचे तेवढे वितळले.

आत्या : एक काचेचा, एक प्लॅस्टिकचा, शेजारी शेजारी. विणताना कळायचंसुद्धा नाही कोण वितळणार ते. माझी जोडीदारीण, बुटकी, म्हणायची, आपण दोघी तशाच.

भाची : काच कोण मग?

आत्या : मीच की! मोडेन पण वाकणार नाही. ती बिचारी विरघळायची आणि मला सावरायची. चाळीस वर्षं एका मागावर काढली आम्ही. …उघड ना आता.

भाची : पिशवी अजून ऊन आहे.

आत्या : बुटकीची सून म्हणाली, आता दिवसभर गुंगीतच असते. दुपारी तेवढी जरा जागी असते. उद्याचं काही खरं नाही.

भाची : म्हणून तर म्हणते, चाकाच्या खुर्चीतून नेते तुला. आत्ता. पूल ओलांडला की तिचं घर.

आत्या : नको. दवाखान्यात पडल्या पडल्या तिचा हात धरून शब्द दिलाय, उठले की माझ्या पायांनी तुझ्याकडे येईन. खुर्चीतून गेले तर तिला वाटेल, दोघींचंही आटोपलं.

भाची : आणि आज पुन्हा पडलीस तर?

आत्या : तर खुर्ची. देवाची मर्जी. पण आधी उभी राहीन. …थोडं लवकर उघडलं तर नाही का चालणार?

भाची : नाही. कितीही गोड बोल. डोळे मिट जरा.

आत्या : मिटले. हा पंप मागासारखाच घुमतो ग. उजेड कापडातून पाझरतोय… पांढरं कापड, पाण्यासारखं खाली ओघळतंय. रोज स्वप्नात माझा पाय काचेचा असतो. आतून उजळलेला. मी चालते, आणि खाली जमीनच नसते.

भाची : भीती वाटते?

आत्या : नाही. पलीकडच्या टोकाला बुटकी ताण्याचे धागे धरून उभी असते. ती सोडत नाही.

भाची : …आत्या. आत्या, ऊठ. पिशवी गार लागतेय.

आत्या : नीट बघ. गालाला लावून बघ.

भाची : गार आहे. पंप बंद करते. हं… सुटलं. वाजवून बघू? टक्. ऐकलंस? घट्ट आहे टाच.

आत्या : दे इकडं. पट्टा तू आवळ. अजून. हां.

भाची : बाकाला धर. सगळं वजन टाक.

आत्या : टाकलं.

भाची : दबतंय?

आत्या : नाही. …ही खिडकी, हे दार. अगं, जमीन आहे!

भाची : चार पावलं झाली, रडतेस काय? थांब, चप्पल घालते. मी येते बरोबर.

आत्या : नको ग. तू दोन घास खाऊन घे. मी हळूहळू जाते. तिला दारात माझीच पावलं ऐकू येऊ देत.