मी सुचवलेलं नाव

मंडळी, विनायकरावांच्या घरचे, मोर्शीहून आलेले पाहुणे, कापसाच्या जिनातले हमाल, रेजा बाया... मागचे लोक पुढे सरका, तिकडे ऊन आहे. पाठीवर पोतं घेऊन फळ्या चढलो, कधी धाप लागली नाही. आज माईकपर्यंत येता येता लागली.

विनायक आणि मी एका वयाचे. त्याचे वडील या जिनिंग सोसायटीचे अध्यक्ष, मी इथला हमाल. आमचा संप झाला तेव्हा हा गडी फाटकावर आमच्यात येऊन बसला. म्हणे, "संचालकात एक जागा हमालाले भेटलीच पाहिजे. मी देऊन दाखवतो."

मग वडील गेले. याच शेडमध्ये, आज विनायकची आहे तशीच, त्यांची शोकसभा झाली. आपली रीतच आहे ना, माणूस गेला की पोराला त्याच्या खुर्चीत बिनविरोध बसवायचं आणि त्यालाच श्रद्धांजली म्हणायचं! मीच उठलो. मीच विनायकचं नाव सुचवलं. वाटलं, आपला माणूस बसला.

बसला. पण कोणाचा?

दरवर्षी विचारायचो, "विनायकराव, त्या जागेचं काय?" तो हसायचा. "सखाराम, एक जागा सोडली तं बापानं जेवढं देल्लं, त्याच्याहून कमी पोराच्या हाती कसं ठेवू?" लबाड नव्हता, मंडळी. पोरीच्या लग्नात हमालांच्या पंगतीत स्वतः वाढत होता. जागा तेवढी दिली नाही. आणि मी? तोवर माझी दालमिल झाली होती, मलाही दोन पोरं. त्याचं म्हणणं मला पटायला लागलं. विचारणं सोडून दिलं. हे सांगायची लाज वाटते.

परवा अकोल्याच्या दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. "सखाराम, त्या दिवशी माहं नाव तुनं काहून घेतलं बे? मी फाटकावरच बरा होतो."

मी म्हणालो, "झोप आता."

आत्ता इकडे येताना कोणीतरी हातात चिठ्ठी दिली. अजयचं नाव आहे, विनायकच्या मुलाचं. मी ते सुचवायचं म्हणे.

अजय बेटा, रागावू नको. तू चांगला आहेस. तुझा बापही चांगलाच होता. ही चिठ्ठी मी खिशात ठेवतो. तू अर्ज भर. हमालांचाही एक अर्ज येऊ दे. मग मतं माग, माझ्याही दारी ये.

चला, उभे राहू. दोन मिनिटं शांत. विनायकसाठी एवढं करा, आज कोणाचंच नाव घेऊ नका.