गिऱ्हाईकाचं आधी ऐका

— नाही हाजी, ते बिल घ्यायचं यंत्र नाही, त्या टॅब्लेटवर ऑर्डरी येतात, बोट लावू नका, मलासुद्धा लावायची परवानगी नाही — म्हणजे लावता येतं मला, शिकवतोच मी ते, पण इथे नाही. इथे मी फक्त बसलोय. वसीला ताटं पोचवायला गेलीय, माझी बायको, दुकान तिचंच आहे — पलीकडच्या गल्लीत साखरपुडा आहे, येईलच इतक्यात. तुम्ही बसा ना. ती खुर्ची घ्या, स्टुलावर नको, स्टूल माझं आहे. तर तुम्ही विचारलंत — विचारलंत ना? — की हे कसं चालतं. नाही विचारलंत? असू दे, विचारणारच होतात.

मी नौफेल. विद्यापीठात शिकवतो, व्यवस्थापनाच्या मुलांना. काय शिकवतो, तर संगणक आणि इन्फर्मेशन सिस्टीम — आता तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ना हाजी, तेच पहिल्या दिवशी साठ मुलांच्या चेहऱ्यावर येतं. ती मुलं आलेली असतात व्यापार शिकायला. स्फाक्सची मुलं, आईच्या पोटातून भाव करत बाहेर येतात, त्यांना मी सांगतो की डेटाबेस म्हणजे काय. एकजण म्हणतो, सर, म्हणजे एक्सेलच ना, फक्त कोट घातलेलं? दुसरी म्हणते, सर, आम्ही मार्केटिंगचे, हे आम्हाला परीक्षेत आहे का? आहे म्हटलं की लिहून घेतात, नाही म्हटलं की कँटीनला जातात. आणि संगणकाची खोली — तिथल्या निम्म्या यंत्रांचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक, आणि तो माणूस रजेवर. मग मी आपला फळ्यावर चौकोन काढतो, चौकोनातून बाण काढतो, बाण दुसऱ्या चौकोनात घुसवतो. फळा कमी पडला तर भिंत असते. वर्षाअखेरीला मुलं शिक्षकांबद्दल मत देतात, निनावी. एकाने लिहिलं होतं, सरांना विषय फार छान येतो, तो त्यांनी स्वतःजवळच ठेवावा. मी हे वसीलाला हसत हसत वाचून दाखवलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, मुलगा हुशार दिसतो.

तर माझा आवडता पाठ कुठला, तर सुरुवातीचाच. यंत्राला हात लावण्याआधी ज्याच्यासाठी ते बनवायचं त्याच्यापाशी जाऊन बसा. गिऱ्हाईकाचं आधी ऐका. त्याला काय हवंय ते त्यालाही नीट सांगता येत नसतं, तेव्हा तोंड बंद ठेवा, कान उघडे ठेवा, आणि प्रत्येक उत्तराला 'का' विचारा, निदान तीनदा. हे मी गेली वीसेक वर्षं सांगतोय. सलग दोन तास सांगतो, मधे कुणाला श्वास घेऊ देत नाही. एकदा मागच्या बाकावरच्या पोराने हात वर केला, बराच वेळ तसाच ठेवला, मग दुसऱ्या हाताने आधार दिला, मग खाली घेतला. मला वाटलं, शंका फिटली.

आणि त्या पाठावर मी मुलांना काम देतो. गट करा, गावात जा, एक धंदा निवडा — किराणा असो, गॅरेज असो, तेलाचा घाणा असो — मालकाशी बोला आणि त्याच्यासाठी काय बांधाल ते वर्गात पडद्यावर दाखवा. मी शेवटच्या बाकावर बसतो आणि खोचक प्रश्न विचारतो. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. यंदा पहिले दोन गट झाले, घोरण्यासारखे, मग तिसरा गट उठला — चार मुली, पुढारी युस्र नावाची. बारीकशी पोरगी, पण बोलते अशी की समोरच्याला वाटावं आपलीच परीक्षा आहे. म्हणाली, सर, आम्ही एक मिठाईचं दुकान घेतलं. मी म्हटलं, छान, स्फाक्समध्ये मिठाईच्या दुकानांना काय तोटा. पहिला फोटो आला. गल्ला, मागे बदामाच्या मिठाईच्या परड्या, आणि परड्यांमागे खिळ्याला एक राखाडी कोट. मी मनात म्हटलं, कोट ओळखीचा दिसतो. हाजी, तो कोट मी गेल्या हिवाळ्यापासून शोधत होतो.

बायकोचं आडनाव वेगळं, तिच्या बापाचं — आपल्याकडे असतंच तसं — तेव्हा वर्गाला काय पत्ता? आणि त्या मुलींनाही नाही, शपथेवर सांगतो. मला उठून म्हणता आलं असतं, थांबा मुलींनो, ही माझी बायको. पण मनात आलं, बघू तरी आपली बाई आपल्याबद्दल काय म्हणते. ती घरी तर — घरी ती फारसं म्हणत नाही काही. म्हणजे वाव नसतो. तर मी तसाच बसलो, चेहरा मास्तरचा ठेवून.

युस्रने दाखवलं, 'सध्याच्या अडचणी'. पहिली, ऑर्डरी मालकिणीच्या डोक्यात राहतात. बरोबर, तीन वर्षं मी तेच सांगत होतो. दुसरी, उन्हाळ्यात लग्नं एकावर एक येतात आणि बदाम कधी मागवायचे कळत नाही. तेही मीच सांगत होतो, मिठाईच्या खोक्यांवर बाण काढून काढून, खोकी विकायच्या लायकीची राहायची नाहीत. तिसरी अडचण, 'घरातली एक व्यक्ती'.

मी म्हटलं, म्हणजे काय, जरा उलगडून सांगा. युस्र म्हणाली, "सर, मालकीणबाईंचे यजमान रोज संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसतात आणि समजावून सांगतात."

"काय समजावून सांगतात?"

"आम्हीही विचारलं, सर. त्या म्हणाल्या, मला नाही ठाऊक, मी तेव्हा बकलावा कापत असते."

वर्ग हसला. मीही हसलो, हसावं लागतं, एकटाच गंभीर राहिलो तर पकडला जाणार. आणि हाजी, माणूस खड्ड्यात पडला की हात बाहेर काढायचा सोडून आणखी उकरतो. मी विचारलं, "पण ही व्यक्ती संगणकातली जाणकार आहे का?" "त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आहे, सर." "कुणाच्या म्हणण्याप्रमाणे? बाईंच्या?" "नाही सर, यजमानांच्या."

इथे मी थांबायला हवं होतं. थांबणारा माणूस असतो तर ही गोष्टच घडली नसती. पुढचं पान आलं, 'मालकिणीचा पुढचा बेत', आणि त्याखाली — ऑक्टोबरपासून ट्युनिसला, ला मार्सात, दुसरं दुकान. आठवड्यातले चार दिवस मालकीण तिकडे, तीन दिवस इकडे, म्हणून दोन्ही दुकानांच्या ऑर्डरी एकाच जागी दिसायला हव्यात. फार सुरेख कारण, हाजी. प्रणाली कशाला हवी याचं इतकं स्वच्छ कारण माझ्या वर्गात आजवर कुणी दिलं नव्हतं. आणि मला ते कारण तेव्हाच कळत होतं, साठ पोरांबरोबर, शेवटच्या बाकावर. ला मार्सात तिची धाकटी बहीण राहते, तिच्याकडे ती इतक्या वेळा का जाते म्हणून मी विचारलं होतं एकदा. विचारलं होतं ना? नाही, बहुतेक मीच तिला सांगितलं होतं की का जातेस — हवापालटाला.

मी आवाज जाग्यावर आणून विचारलं, "बाई एकट्याच जाणार?" "हो सर, यजमानांची इथे नोकरी आहे." "यजमानांचं म्हणणं काय?" युस्र म्हणाली, "त्यांना अजून सांगितलेलं नाही, सर."

आता काय विचारता, छप्पर उडालं वर्गाचं. एक पोरगा तर बाकावर डोकं ठेवून हसत होता. मी वाट पाहिली, आणि मग तो तिसरा 'का' विचारला, माझाच नियम. "का सांगितलं नाही, हे तुम्ही विचारलंत?"

"विचारलं, सर. त्या म्हणाल्या, सांगायला तीनदा गेले. पहिल्यांदा तोंड उघडलं तर त्यांनी मला एका दुकानाची दोन दुकानं कशी होतात याचा सिद्धान्त सांगितला. दुसऱ्यांदा म्हणाले, थांब, तुला काय म्हणायचंय ते मला कळलं, आणि दुसरंच काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्यासमोर बसले, आणि मग उठून भांडी घासली."

हाजी, ह्यावर कुणी हसलं नाही. का नाही कोण जाणे, पोरांना ठाऊक थोडंच होतं. मघाचा तो बाकावर लोळणारासुद्धा सरळ होऊन बसला, त्याच्याही घरी असेल असं कुणी बोलणारं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मोटारींचा तळ आहे, बघण्यासारखं काही नाही.

शेवटी मी म्हटलं, एकच प्रश्न. "आपण कुणाच्या वर्गातून आलो, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?" "त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, सर. तुमचं नाव ऐकून त्यांनी सुरी खाली ठेवली. मग आम्हाला चहा दिला, वर मुठीने बदाम घातले, आणि म्हणाल्या, लिहून घ्या मुलींनो, सगळं लिहा, काही गाळू नका. तुमचे सर पडद्यावर दाखवलेलं फार लक्ष देऊन बघतात."

— नाही, मी ठीक आहे. बदामाची पूड उडते इथे, डोळ्यांत जाते.

गुण? सगळ्यांत जास्त त्यांनाच दिले. अर्धा कापला, एक बाण उलटा होता. युस्र भांडायला आली, सर, बाण बरोबर आहे, माहिती बाईंकडून यजमानांकडे जाते. मी म्हटलं, जायला हवी, पण जाते का? अर्धा गुण परत दिला मग.

त्या दिवशी घरी चालत गेलो. वाटेत भाषण तयार केलं, मुद्देसूद, सुरुवात, मध्य, शेवट, ट्युनिसचे फायदे, ट्युनिसचे तोटे, आणि एक भाग नुसता माझ्या दुःखावर. वसीला माशाचं सार ढवळत होती. वळून बघितलं नाही, पण तिला कळलं होतं, पाठीवरून कळतं. आणि मी तोंड उघडलं तर भाषणातलं एक अक्षर येईना. तीस वर्षांचा संसार, हाजी, पहिल्यांदाच माझी ही दशा. शेवटी काय विचारलं, तर — दुकानातून समुद्र दिसतो का? तिने डाव बाजूला ठेवला. म्हणाली, "दिसत नाही. वास येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नौफेल, ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही असा प्रश्न तू आज विचारलास."

आणि मग ती बोलली. सार निवून गेलं, ती बोलत होती. ते दुकान आधी शिंप्याचं होतं म्हणे, भिंतींत अजून टाचण्या सापडतात. बहिणीने तिच्याबरोबर चुना लावला. इतक्या गोष्टी — मी एका जागी 'पण' म्हणायला गेलो आणि भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला.

मला तिच्याबरोबर जायचंय. हे मी तुम्हाला का सांगतोय? — तास मी सोमवार ते बुधवार लावून घेईन, बुधवारी संध्याकाळी लुआज टॅक्सी पकडली, सगळ्यांबरोबर दाटीने बसून का होईना, की रात्रीच्या जेवणाला तिच्यापाशी. मी विचारलं तिला, येऊ का? भीत भीत विचारलं, तिशीतल्यासारखं. ती म्हणाली, बघू. तिकडचं गिऱ्हाईक नवीन आहे, तू त्याला पळवून लावशील. आधी इथे एक दुपार दुकान सांभाळून दाखव. माणूस आला की विचारायचं, काय हवं, किती हवं, कधी हवं. तीन प्रश्न. चौथं वाक्य नाही.

हो. आजच. हीच ती दुपार.

दोन बायका येऊन गेल्या तुमच्या आधी. एकीला मी तीन प्रश्न विचारले, अगदी चोख, मग ती म्हणाली, हा टॅब्लेट नवीन वाटतं? आता ह्यात माझा दोष आहे का, हाजी? तिनेच काढला विषय. टॅब्लेटवर युस्रच्या गटाने बसवून दिलंय ते सगळं, आणि ते अक्षरशः, म्हणजे चौकोन न् चौकोन, मी तीन वर्षांपूर्वी खोक्यावर काढलेलंच आहे. माझं ऐकलं नाही, पोरींचं एका दुपारी ऐकलं. मी त्या बाईला एवढंच सांगत होतो. ती म्हणाली, मी उद्या येते. दुसरीही उद्याच येणार आहे. तुम्ही मात्र बसलात, तुम्ही भले माणूस आहात, सुरुवातीला काहीतरी म्हणत होतात —

थांबा. औषधाच्या दुकानापाशी ती हिरव्या रुमालाची, हातात रिकामी ताटं — तीच. रस्ता ओलांडतेय.

हाजी, काय हवंय तुम्हाला? मी विचारलंच नाही ना? नाही, आता नको, जरा थांबा, ती दार ढकलेल तेव्हा सुरू करा. लग्न कुणाचं, बदाम किती, काहीही सांगा, लांबवून सांगा. पिस्ते हवेत की नकोत यावर विचार बदला. मी हात असे मांडीवर ठेवतो. आली —

बोला, हाजी.