कपभर पाण्याची बातमी

—नाही गं, तू बस, सही करतो म्हणालो ना, करतो. तुझे वडील निर्दोष होते, एवढंच ना? वसतिगृहात त्यांच्यासाठी आचाऱ्याची जागा आहे आणि तिथले लोक माझ्या बातमीचं नऊ वर्षांपूर्वीचं कात्रण नाचवतायत — कळलं मला. आधी हे बघ. पॅन थंड, त्यात बेकनच्या पट्ट्या शेजारी शेजारी, आणि आता कपभर पाणी. हसतेस कशाला? तुझ्या वडिलांचीच रीत, माहीत आहे. पण शास्त्र ऐक. एका पट्टीत दोन जावा नांदतात — मांस आणि चरबी. मांस तापट, आच लागली की आकसलंच; चरबी निवांत, वितळेन तेव्हा वितळेन. मग ओढाताण, पट्टी वाकडी, एक टोक जळकं, दुसरं कच्चं. पाणी म्हणजे सासू — मी आहे तोवर शंभर अंशांच्या वर कुणी जायचं नाही! तेवढ्यात चरबी सुटते, सासू वाफ होऊन जाते, आणि मागे सगळं कसं कुरकुरीत. शाळेतल्या मुलालाही कळेल. मला नाही कळलं.

पण माझ्या जागी तू असतीस तर? कारखान्याचं कॅन्टीन, ताटात बेकन कमी पडतं अशी कामगारांची ओरड, मी भटारखान्यात डोकावतो तर आचारी पॅनमध्ये पाणी ओततोय. काय वाटणार? पाणी पाजून वजन वाढवतोय, उरलेलं घरी नेतोय! विचारायला हवं होतं — मान्य — एकच प्रश्न, ‘बुवा, पाणी कशाला?’ भर सभेत मंत्र्याला अडवणारा मी, आचाऱ्याला विचारलं नाही. का? उत्तर मिळालं असतं तर बातमी मेली असती, म्हणून. पहिल्या पानावर आली, तिसऱ्या दिवशी त्यांना काढलं.

तू कागदावर लिहिलंयस, ‘गैरसमजातून’. सभ्य शब्द आहे. तेवढाच राहू दे की — आठवडाभर खराही होता. मग रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं. हेच सगळं, फक्त जावांच्या जागी आकृत्या. याच शेगडीवर करून पाहिलं मी, उभ्या उभ्या सहा पट्ट्या खाल्ल्या, इतकं सुरेख झालं होतं — आणि पत्र फाडलं. पुरस्काराची यादी लागायची होती ना. खुलासा छापला असता तर... आणि तुझे वडील आले होते ऑफिसात. तुला नाही सांगितलं त्यांनी? पिशवीत पॅन घेऊन आले होते, ‘साहेबांना करून दाखवतो’ म्हणाले. मी शिपायाला सांगितलं, साहेब बाहेर गेलेत म्हण. काचेआडून बघत होतो — दोन तास, मांडीवर पॅन ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय लागू नये म्हणून आक्रसून बसलेले.

अशी बघू नकोस. भांड ना! ते भांडले नाहीत, तू तरी भांड. जन्मभर लोकांशी भांडत आलो, मला तेवढंच समजतं.

आण तो कागद. ‘गैरसमजातून’ खोडलं. ‘खरं कळल्यावरही गप्प राहून’ — हं, असं. ही सही, ही तारीख. नको, ‘काका’ नको म्हणूस. खाऊन जा म्हणायला मला तोंड नाही. घे, नीघ — छपाईला गेलेला मजकूर परत मागवायची वाईट खोड आहे मला. उभी काय राहिलीस? नीघ म्हणतो ना!