सोफियाच्या नळाला आमचा नंबर

ज्या दुष्काळाच्या साली आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, त्याच साली आम्ही दोघं नवराबायको रेल्वेनं सोफियाला गेलो! बल्गेरियाची राजधानी, लई जुनं शहर. पोराकडं बुखारेस्टला जाताना गाडी बदलायची होती, म्हणून तीन तास मोकळे मिळाले. सोन्याच्या घुमटाचं चर्च बघायचं म्हणून मी नुसता उड्या मारत होतो.

वाटेत चौकात गरम झऱ्याच्या पाण्याचे नळ लागले, कुणीबी फुकट भरून न्यावं असे. तोट्याच न्हाईत, धो धो पाणी! एका नळापुढं दोन कॅन ठेवलेले. बायकोनं पिशवीतली बाटली काढली आणि त्यांच्या मागं ठेवली.

"अगं, बाजूचे पाच नळ रिकामे हायत!"

"असू द्या. नंबर लावलाय."

कॅनवाली म्हातारी बाकावर गप्पा हाणत बसलेली. बघता बघता दोन तास गेले.

"अगं, चर्च राहून जाईल!"

"चर्च कुठं जातंय? पाणी जातं."

तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांनी नळ बघितला, आमची बाटली बघितली, बायकोचा चेहरा बघितला आणि गुपचूप आपली बाटली आमच्या मागं ठेवली. मग दोन पोरी आल्या, त्यांनीही ठेवल्या, आणि मागून माणसं येतच राहिली.

म्हातारी एकदाची उठली, तिनं आपले कॅन भरले, मग आम्ही आमची बाटली भरली आणि आम्ही स्टेशनाकडं पळत सुटलो. कोपऱ्यावरून वळून बघतो तर पाच नळ तसेच रिकामे वाहतायत आणि एका नळाला नऊ बाटल्यांची रांग!

बायको खुश होऊन म्हणाली, "आता कसं, गावात पाणी आल्यासारखं वाटतंय!"