खिडक्या लावून गाणं

...आणि वर मलाच विचारतात, "डोरीन, त्या म्हातारीला सुनावणीला आणलंसच कशाला?" आता तुम्हीच सांगा, मी आणलं? ती आली! दोन भाच्यांनी उचलून जिन्यावरून खाली उतरवली, चाकाच्या खुर्चीत बसवली, डोक्यावर लग्नातली टोपी, आणि रस्ताभर लोकांना हात करत आली... थांबा, असं मधूनच नाही कळायचं तुम्हाला.

तुम्हाला सांगते, हा आमचा 'ब्लॅक रॅम' पब सासऱ्यांपासूनचा. थॉर्नशॉमध्ये कुणालाही विचारा, दर शुक्रवारी पियानोभोवती गाणी. गर्दीनं इतकं उकडतं की डिसेंबरातही खिडक्या उघड्या. आणि समोरच्या घरात वरच्या मजल्यावर विनी हॉल्रॉइड, अख्ख्या गल्लीची विनीआंटी. नवरा गेला, मग पाय गेले. तेव्हापासून शुक्रवारी तिथूनच ऐकते, आणि शेवटचं गाणं जवळ आलं की दिवा दोनदा मिचकावते. म्हणजे काय, तर "आता माझ्या नवऱ्याचं आवडतं होऊ द्या." की आम्ही ते म्हणतो. इतकी वर्षं चाललंय.

मग मागच्या गिरणीचे फ्लॅट झाले आणि त्यात मिस्टर फेनविक आले. पहिल्या आठवड्यात इथेच, या बारपाशी, हातात ग्लास घेऊन काय म्हणाले माहितेय? "मिसेस बूथ, या गाण्यांसाठीच तर आम्ही लंडन सोडलं." आणि दोन महिन्यांनी कौन्सिलकडे अर्ज, या गाण्यांनी झोप येत नाही, परवान्याचा फेरविचार करा! मी तावातावानं गेले त्यांच्या दारात. तर बाळाला खांद्यावर घेऊन उभे, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, म्हणतात, "तुमच्याविरुद्ध काही नाही हो. हा झोपतच नाही." आता अशा माणसाशी भांडायचं कसं? चूक कुणाची म्हणाल? कुणाचीच नाही.

मग कौन्सिलनं दारावर निळा कागद लावला. कुणाला काही म्हणायचं असेल तर कळवा. आमची मंडळी थांबून वाचणार, आत येणार, "डोरीन, आम्ही आहोत हो" म्हणणार, बियर पिणार, घरी जाणार. कौन्सिलला चार ओळी लिहिल्या? एकानंही नाही! प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लिहिलं असेल. एकटी विनीआंटी म्हणाली, "मी बोलते की."

सुनावणीला तीन नगरसेवक. बसतायत न बसतायत तोच आर्कराइट उठले. "मी तिथे दर शुक्रवारी पियानो वाजवतो, मला इथे बसता येणार नाही." गेले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "माझ्या लग्नाची पार्टी तिथेच झाली." त्याही गेल्या. त्यांच्या जागी लांबच्या वॉर्डातले दोघे आणून बसवले, त्यातला एक चहाशिवाय काही न पिणारा. म्हणजे ज्याला पब ठाऊक आहे त्यानं पबचा निकाल द्यायचा नाही... आहे की नाही गंमत? पण नियमच तसा, त्यांची तरी काय चूक?

अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "मिसेस हॉल्रॉइड, तुम्ही समोरच राहता. आवाज फार येतो का?"

"फार? अहो, शब्द न् शब्द ऐकू येतो मला!"

अध्यक्षसाहेबांनी पेन उचललं. मी टेबलाखालून तिच्या खुर्चीला पाय मारतेय.

"तुमची खिडकी उघडी असेल, म्हणून..."

"छे, थंडीत बंदच असते. आणि कानातलं यंत्र तर मी संध्याकाळीच काढून ठेवते."

झालं! फेनविकसुद्धा खाली बघायला लागले. आणि ही माझा हात दाबून कानात म्हणते, "कसं, वाचवलं की नाही तुला?"

परवाना वाचला. पण अट घातली. गाणी चालू असताना दारं-खिडक्या बंद, काचा जाड, बाहेर आवाज जाता कामा नये. पहिल्या शुक्रवारी घामाघूम होऊन गात होतो आम्ही. मी आपली काचेपाशी. समोरचा दिवा मिचकावला... पण भलत्याच वेळी. नुकती कुठे सुरुवात झालेली. आम्ही कुठवर आलोय तेच तिला कळेना हो. इतकं वाईट वाटलं मला, आत जाऊन ग्लास पुसत बसले. आणि फेनविकचं बाळ? अजून झोपत नाही. दात येतायत.

म्हटलं, असं नाही चालायचं. कौन्सिलचा कागद पुन्हा पुन्हा वाचला, फोनबद्दल त्यात अक्षर नाही. पुढच्या शुक्रवारी विनीआंटीला फोन लावला आणि रिसीव्हर ठेवला पियानोवर. दोन गाणी झाल्यावर उचलला. "आंटी, येतंय का ऐकू?"

"येतंय गं पोरी, पण तो आर्कराइट केवढ्यानं बडवतोय! कानठळ्या बसल्या माझ्या. हळू घ्यायला सांग त्याला, नाहीतर मीच कौन्सिलला कळवीन हं."

आता चूक कुणाची म्हणता? सांगितलं आर्कराइटला, आणि गाणाऱ्यांनाही. तेव्हापासून दर शुक्रवारी दारं-खिडक्या लावून, घाम पुसत, आम्ही सगळे कुजबुजत गातो.